उन्हाळ्यात पहिला मुक्कामी ट्रेक करायचाय? कमळगड कर
भावा, पहिलाच मुक्काम आणि तोही मे महिन्यात, तर वासोटा किल्ल्याचं डोक्यातनं काढ, अभयारण्य आहे, रात्री राहू देत नाहीत. त्यापेक्षा वाईजवळचा कमळगड बघ, वाटेत बऱ्यापैकी झाडी आहे आणि वर लाल गेरूत खोल खोदलेली कावेची विहीर आहे, पायऱ्या उतरून आत गेलास की भर दुपारी पण गार वाटतं.

पाणी मात्र स्वतःचंच, माणशी 4-5 लिटर, वर मिळेल या भरवशावर अजिबात निघू नको, काय आटलंय काय नाही ते पायथ्याच्या गावातच विचार. बाटल्या सॅकमधे पाठीला लागून मधोमध ठेव, बाहेरच्या बाजूला लटकवल्यास तर सॅक मागं ओढते आणि तासाभरात खांदे भरून येतात. ओआरएसच्या चार पुड्या टाकच.

उजाडायच्या आत चालायला लाग. वाळक्या गवतावरनं बूट जाम सरकतात, उतरताना घाई नको.

चूल पेटवायची नाही म्हणजे नाही, एका ठिणगीनं अख्खा डोंगर जळतो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ने, दोन दिवस आरामात जातात. डिओ, अत्तर मारू नको, आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते. दुपारनंतर वळवाचे ढग दाटले तर माथा सोड, एकट्या झाडाखाली तर थांबूच नको. आणि कुठल्या वाटेनं चढणार, कधी उतरणार ते घरी नीट सांगून जा, रेंजचा भरवसा नाही.