बोली, भिंग आणि टॉपलोडर : कार्ड संग्राहकांचे प्रश्न

खेळाडूंची कार्डं ऑनलाइन लिलावातून जमवणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. नव्या वाचकांसाठी दोन शब्द आधीच सांगायला हवेत. ग्रेडिंग कंपनीने तपासून, १ ते १० मध्ये दर्जा देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं कार्ड म्हणजे ‘स्लॅब’. तसं न केलेलं, सुटं कार्ड म्हणजे ‘रॉ’.

प्रश्न : चार दिवस माझी बोली सगळ्यांत वर होती. शेवटच्या तीन सेकंदांत कोणीतरी एक डॉलर जास्त लावून कार्ड नेलं. हे सलग तिसऱ्यांदा झालं. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही. समोरच्याने एकच डॉलर जास्त लावला, हेही खरं नाही. ईबे या लिलाव-संकेतस्थळावर आपण जो आकडा भरतो ती आपली कमाल मर्यादा असते. यंत्रणा आपल्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत जाते. वाढीचे टप्पे ठरलेले आहेत : अमेरिकी ईबेवर चालू बोली ५ ते २४.९९ डॉलर असताना अर्धा डॉलर, २५ ते ९९.९९ असताना एक डॉलर, १०० ते २४९.९९ असताना अडीच डॉलर. तुमची मर्यादा ७२ असेल आणि दुसऱ्याने शेवटच्या क्षणी २०० भरले, तर त्याला कार्ड ७३ ला पडतं. तुम्हाला वाटतं एका डॉलरने हुकलं. प्रत्यक्षात तुम्ही १२८ डॉलरने मागे होतात.

चार दिवस आघाडीवर राहून पदरात काही पडत नाही. उलट प्रतिस्पर्ध्यांना तुमची मर्यादा चाचपायला वेळ मिळतो : एकेक टप्पा वाढवत ते बघत राहतात की तुम्ही कुठे थांबता. म्हणून जाणकार मंडळी आपला खरा आकडा शेवटच्या पाच-आठ सेकंदांत एकदाच भरतात. हे नियमात बसतं. इंटरनेटचा भरवसा नसेल तर आकडा आधी भरून ठेवायला हरकत नाही, पण तो तुमचा शेवटचा आकडा हवा. ‘आत्ता ४०, मग बघू’ असा नको.

आकडा गोल ठेवू नका. दोघांची मर्यादा सारखी निघाली तर आधी बोली लावणारा जिंकतो, आणि १०० वर थांबणारे पुष्कळ असतात. चालू बोली अजून १०० च्या बरीच खाली असताना १००.५७ भरलेत तर त्या सगळ्यांच्या पुढे जाता, कारण अशा वेळी पूर्ण टप्प्याचा फरक लागत नाही.

मोठ्या लिलावगृहांकडे मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे ठरलेल्या वेळेनंतर मुदतवाढ सुरू होते आणि दर नव्या बोलीबरोबर घड्याळ पुन्हा मागे जातं. मुदतवाढीत बोली लावायला त्या कार्डावर आधी एकदा बोली लावलेली असणं अनेक ठिकाणी सक्तीचं असतं. ती अट न वाचल्यामुळे पैसे तयार ठेवून नुसतं बघत बसायची पाळी येते, आणि ते फार जिव्हारी लागतं.

प्रश्न : किती बोली लावायची हे ठरवायचं कसं? विक्रेत्यांनी लावलेल्या किमती एकमेकींच्या दुप्पट-तिप्पट दिसतात.

लावलेली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा. बघायची ती झालेली विक्री. ईबेच्या शोधात ‘विकलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडलात की साधारण ९० दिवसांतले सौदे दिसतात. त्यातले फक्त तेच कार्ड, तोच पॅरलल (त्याच चित्राची वेगळ्या रंगाची किंवा चकाकीची आवृत्ती), तीच ग्रेडिंग कंपनी आणि तोच दर्जा असलेले सौदे घ्या. पाच-सहा मिळाले की सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सोडून मधला आकडा धरा. वरचा सोडायचा कारण कधी कधी जिंकणारा पैसेच भरत नाही, तरी तो आकडा यादीत राहतो. किंमत खोडलेली दिसली, तर विक्रेत्याने त्याहून कमी देकार स्वीकारला आहे; तो आकडा हिशेबात घेऊ नका.

मग उलटा हिशेब करा. समजा, कार्ड घरी पोचेपर्यंत एकूण १३० डॉलरच खर्चायचे आहेत. टपालाचे १० वजा केले, उरले १२०. लिलावगृह जिंकलेल्या बोलीवर २० टक्के खरेदीदार-शुल्क घेत असेल, तर १२० भागिले १.२, म्हणजे बोली १०० ची. अनेकजण १२० चे २० टक्के वजा करून ९६ काढतात. ते चूक आहे. परदेशातून येत असेल तर सीमाशुल्कही आधी वजा करा. हा आकडा लिलाव संपण्याच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा. शेवटच्या मिनिटात माणूस किंमत ठरवत नाही, फक्त जिंकायला बघतो.

प्रश्न : फोटोत कार्ड निर्दोष दिसत होतं. हातात आल्यावर पृष्ठभागावर बारीक रेघा आणि एक दबलेला कोपरा निघाला. बोली लावण्याआधी काय विचारायला हवं होतं?

समोरून, सपाट उजेडात काढलेला एकच फोटो पाहून कधीही बोली लावू नका. पृष्ठभागाच्या रेघा, बोटांचे ठसे, छपाईच्या ओळी आणि दबलेले खळगे हे सगळं फक्त तिरप्या उजेडात दिसतं. स्कॅनरमध्ये कार्डाला सपाट प्रकाश मिळतो, त्यामुळे स्कॅनमध्ये चकचकीत कार्ड नेहमी देखणंच येतं. विक्रेत्याला तीन गोष्टी मागा : दिव्याखाली तिरपं धरून काढलेला समोरचा फोटो, पाठीचा फोटो, आणि गडद पार्श्वभूमीवर चारही कोपरे जवळून. पांढऱ्या टेबलावर कोपऱ्याचा पांढरेपणा हरवून जातो. गडद किनारीच्या कार्डांत तर हाच दोष सगळ्यांत आधी येतो. कार्ड स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, असेल तर ते बाहेर काढून फोटो घ्यायला सांगा, नाहीतर ‘रेघ स्लीव्हवर आहे’ हे उत्तर ठरलेलंच.

सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध छापलं आहे, हे तुम्ही स्वतः मोजू शकता. फोटो पडद्यावर मोठा करून डावी आणि उजवी किनार पट्टीने मोजा. डावी ३ मिलिमीटर, उजवी २ मिलिमीटर असेल, तर ३ भागिले ५, म्हणजे ६०/४०. असंच वर-खाली. फोटो तिरका काढलेला असेल तर हे गणित फसतं, म्हणून आधी कार्डाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर दिसतात का ते बघा.

विक्रेत्याने फोटो दिले नाहीत तर ते कार्ड सोडा. ‘फोटो बघा आणि तुम्हीच दर्जा ठरवा’ असं लिहिणाऱ्याने बहुधा दोष आधीच पाहिलेला असतो. आणि हाती आलेलं कार्ड वर्णनाशी जुळत नसेल, तर पाकीट उघडतानाचे फोटो जोडून मुदतीत तक्रार करा. ईबेवर ही मुदत सहसा ३० दिवसांची असते.

प्रश्न : बोली चढवणारा विक्रेत्याचाच माणूस आहे, हे कसं ओळखायचं?

बोलीचा इतिहास उघडा. नावं झाकलेली असली तरी ईबे दर बोली लावणाऱ्याच्या गेल्या ३० दिवसांतल्या बोली, आणि त्यांतल्या किती टक्के याच विक्रेत्याकडे आहेत, हे दाखवतो. नवं खातं, ९०-१०० टक्के बोली एकाच विक्रेत्याकडे, अनेक लिलावांत दुसऱ्या क्रमांकावर थांबणं आणि मागे घेतलेल्या बोली, हे सगळं एकत्र दिसलं तर दूर राहा. यातलं एकच लक्षण पुरेसं नाही. एखाद्या विक्रेत्याकडे खरोखरच चांगली कार्डं असतात आणि लोक वारंवार तिथेच जातात.

प्रश्न : स्लॅबमधलं कार्ड डोळे झाकून घ्यावं का? कडा कापलेली कार्डंही स्लॅबमध्ये सापडतात असं ऐकलं.

सापडतात. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण या छंदातल्या सगळ्यांत प्रसिद्ध कार्डाचंच आहे. १९०९ ते १९११ दरम्यानच्या टी२०६ मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं एक कार्ड पीएसए या कंपनीने दर्जा दिलेलं पहिलं कार्ड होतं, आणि त्याला ८ मिळाले होते. ते १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्यांच्या संघाचे तेव्हाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केलं की या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. स्वतःच्या लिलावांत खोट्या बोली लावल्याचंही त्याच खटल्यात उघड झालं.

कडा कापण्याचं कारण साधं आहे. मऊ पडलेला कोपरा अर्धा मिलिमीटर कापला की पुन्हा टोकदार होतो, आणि दर्जाच्या एका पायरीने किंमत कित्येक पट बदलते. म्हणून रॉ कार्ड आलं की आधी मोजा. टॉप्स या अमेरिकी कार्ड-कंपनीने १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंच हे माप रूढ केलं : ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. १९५२ ची टॉप्स कार्डं याहून मोठी असतात, म्हणून मालिकेचं माप आधी शोधा. त्याच मालिकेतलं एक स्वस्त, खात्रीचं कार्ड शेजारी ठेवून कडा जुळवणं हा पट्टीपेक्षा चांगला मार्ग. कापलेली कड इतर तिन्हींपेक्षा स्वच्छ आणि धारदार दिसते, किंवा मध्ये किंचित आत गेलेली असते.

स्लॅबसाठी : लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा आणि तिथे कार्डाचा फोटो असेल तर किनारी, ठिपके, छपाईचे डाग एकेक करून जुळवा. क्रमांक खरा असणं पुरेसं नाही, कारण बनावट लेबलवर खऱ्याच कार्डाचा क्रमांक उचललेला असतो. डबीच्या जोडावर पांढुरके चरे, गोंदाचे डाग किंवा उचकटल्याच्या खुणा दिसल्या तर आतलं कार्ड बदललेलं असू शकतं.

‘या दर्जाची फक्त चारच कार्डं आहेत’ या जाहिरातीलाही भुलू नका. कंपनीची संख्या-यादी फक्त तिच्याकडे आलेली कार्डं मोजते. स्वस्त कार्ड ग्रेडिंगला कोणी पाठवतच नाही, म्हणून ते यादीत दुर्मीळ दिसतं.

प्रश्न : ब्रॅडमनचं जुनं सिगारेट कार्ड लिलावात आहे. अस्सल की पुनर्मुद्रण?

जॉन प्लेअर अँड सन्स या सिगारेट कंपनीच्या १९३८ च्या ‘क्रिकेटर्स’ मालिकेत ५० कार्डं आहेत आणि ब्रॅडमन त्यात आहेत. ही मालिका मोठ्या प्रमाणावर निघाली. ‘अत्यंत दुर्मीळ’ असं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला एकतर माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चाललाय. अतिनील टॉर्च जवळ ठेवा. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. युद्धापूर्वीचं म्हणून विकलेलं कार्ड त्या प्रकाशात निळसर-पांढरं चमकलं, तर ते नंतरचं आहे. चमकलं नाही म्हणून अस्सल ठरत नाही, एवढं लक्षात असू द्या. पाठीचा फोटो हवाच : त्या काळातली कार्डं अल्बममध्ये चिकटवली जात, आणि उचकटून काढलेल्या कार्डाची पाठ खरवडलेली निघते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कार्डांसाठी दहापट ते तीसपट मोठं दाखवणारं भिंग जास्त उपयोगी. अस्सल कार्डावर खेळाडूचं काळं नाव सहसा सलग शाईत असतं. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची होतात. १९८६ च्या फ्लीअर मालिकेतलं मायकल जॉर्डनचं ५७ क्रमांकाचं कार्ड घेताय? भिंगाखाली घेतलेला फोटो मागा, नाहीतर खात्रीच्या कंपनीच्या स्लॅबमधलंच घ्या. या कार्डाच्या नकला अमाप आहेत.

प्रश्न : एकच चित्र, एकच वर्ष, पण एक कार्ड ५ ला आणि दुसरं ३०० ला. असं का?

ते पॅरलल आहे : चित्र तेच, पण चकाकी, किनारीचा रंग किंवा छापलेल्या प्रतींची संख्या वेगळी. ‘२३/९९’ असा शिक्का म्हणजे ९९ पैकी तेविसावं. शिक्का नसेल तर पाठ बघा. प्रिझम मालिकेत साध्या चंदेरी पॅरललच्या पाठीवर ‘प्रिझम’ असं छापलेलं असतं, मूळ कार्डावर नसतं. विक्रेतेही इथे चुकतात. कधी तुमच्या फायद्याचं चुकतात, आणि नाव चुकीचं लिहिलेले लिलाव शोधून काढण्यातला आनंद या छंदात खरोखर मोठा आहे. खेळाडूच्या आडनावाच्या तीन-चार चुकीच्या स्पेलिंगांनी शोध जतन करून ठेवा.

प्रश्न : पहिल्यांदाच कार्ड विकलंय. पाठवायचं कसं?

आधी पातळ स्लीव्ह. तोंड किंचित फुगवून कार्ड सरळ आत सोडा. कोपरे बहुधा इथेच दबतात. मग स्लीव्हसकट टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं असलेलं कडक प्लास्टिकचं पाकीट. साधं कार्ड ३५ पॉइंटच्या टॉपलोडरमध्ये बसतं. जर्सीचा तुकडा असलेल्या जाड कार्डाला १३० किंवा १८० पॉइंटचा लागतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सैल टॉपलोडरमध्ये कार्ड हलून कडा झिजतात, घट्ट असेल तर आत घालतानाच मोडतं. तोंडावर रंगाऱ्यांची कागदी टेप लावा आणि तिचं टोक दुमडून ठेवा. पारदर्शक चिकटपट्टी नको : तिचा गोंद प्लास्टिकवर राहतो आणि काढताना कार्ड ओढलं जातं. मग छोटी पिशवी, दोन्ही बाजूंना कार्डापेक्षा मोठे पुठ्ठे, आणि बुडबुड्यांचं पाकीट. साध्या पाकिटात टॉपलोडर टाकलात तर टपालाच्या वर्गीकरण यंत्राचे रूळ त्याला चिरडू शकतात.

प्रश्न : चकचकीत कार्डं धनुष्यासारखी वाकतात. इस्त्री करावी का?

इस्त्री नाही, कोणतीच उष्णता नाही. पुढची चकचकीत फिल्म ओलावा घेत नाही, मागचा कागद घेतो. कागद फुगला की कार्ड पुढच्या बाजूला वाकतं आणि कोरडा पडला की मागे. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखणारी पुडी घातलेल्या बंद डब्यात, नेमक्या जाडीच्या टॉपलोडरमध्ये काही आठवडे ठेवा. हळूहळू सरळ होतं. अल्बमची पीव्हीसीची पानं मात्र टाकून द्या. त्यांतून पाझरणारी रसायनं पृष्ठभाग चिकट करतात. पॉलिप्रॉपिलीन वापरा.

प्रश्न : १३२ पैकी १२९ कार्डं झाली. उरलेली तीन दीड वर्ष मिळत नाहीत. पूर्ण संच घेऊन बाकीचा विकू का?

पैशाच्या हिशेबाने कधी कधी परवडतं, पण १२९ कार्डं तुम्ही एकेक करून मिळवली आहेत, आणि विकत घेतलेल्या संचात तो शोध नसतो. आम्ही थांबायला सांगू. त्या तीन क्रमांकांसाठी इशारे लावा, आणि ‘लॉट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांचे फोटो मोठे करून बघा. विक्रेता शीर्षकात फक्त नामवंत खेळाडू लिहितो आणि तुम्हाला हवं असलेलं साधं कार्ड तिसऱ्या ओळीत अर्धं झाकलेलं असतं. ते दिसलं तर क्रमांक विचारून खात्री करा, पण ‘मला एवढं एकच हवंय’ असं लिहू नका. इतर १२९ चा दर्जा साधारण ६-७ असेल, तर या तिघांसाठीही ६ चालेल. ९ च्या मागे लागलात तर अल्बमच्या त्या पानावर तेच एक कार्ड उपरं दिसेल.