डेटा थांबला की आलाच नाही?

एफएफटीच्या (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणाऱ्या गणिताच्या) हार्डवेअर ब्लॉकवर मराठीत टिपण लिहिणाऱ्या एकाने विचारलंय: 'बॅकप्रेशर'ला (घेणारा तयार नसला की देणाऱ्याला अडवणं) 'उलटा दाब' म्हणावं का, आणि 'डेटा थांबला' नेमकं कधी लिहावं?

'दाब' नको. तो पंपाला शोभतो. इथे कोणी कोणाला मागे रेटत नाही. खरा वैताग दुसऱ्या प्रश्नाचा आहे. देणाऱ्याचा सिग्नल व्हॅलिड ('डेटा हजर आहे'), घेणाऱ्याचा रेडी ('घ्यायला तयार आहे'). पण व्हॅलिड खाली गेला तरी 'डेटा थांबला', रेडी खाली गेला तरी 'डेटा थांबला'. अहो, व्हॅलिड शून्य म्हणजे डेटा आलेलाच नाही, मग थांबेल कोण? तिथे 'खंड पडला' म्हणा.

थांबतो तो व्हॅलिड वर आणि रेडी खाली असताना. चिपमधल्या ब्लॉकांत डेटा नेण्याच्या एएक्सआय४-स्ट्रीम या प्रमाणित पद्धतीचा नियमच आहे: व्हॅलिड एकदा वर केला की क्लॉकच्या एकाच एजला (ठोक्याला) व्हॅलिड आणि रेडी दोन्ही वर सापडेपर्यंत तो खाली आणायचा नाही, तारांवरचा आकडाही बदलायचा नाही. तोवर, समजा, १०२४ बिंदूंच्या फ्रेममधला (एका एफएफटीसाठीच्या गटातला) ५१२वा सँपल जागचा हलत नाही.

आणि 'थांबणे'चं मूळ अगदी हेच! संस्कृत स्तंभ्, प्राकृत थंभ, मराठी थांब. 'स्तब्ध'ही त्याच धातूचा. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'स्त'चा 'थ' करताना अर्थ दिलाय 'अस्पंद'. स्पंदन नाही, म्हणजे सिग्नल टॉगल (वर-खाली) होत नाही! सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मच्या खिडकीत सपाट रेघ दिसली की मला हेच सूत्र आठवतं.

पण त्याच हेमचंद्राने 'खंभ'ही ('खांब'चं प्राकृत रूप) स्तंभातूनच काढलाय, ते मुळीच पटत नाही. अथर्ववेदातलं अख्खं सूक्त (१०.७) ज्याच्यावर आहे तो 'स्कंभ' (आधार, खांब) समोर असताना 'स्त'चा 'ख' करण्याची कसरत कशाला? भारतीय-आर्य भाषांचा व्युत्पत्तिकोश करणाऱ्या टर्नरनेही स्कंभच धरलाय. तरी 'खांब म्हणजे स्तंभाचा अपभ्रंश' असं ऐकवणारे भेटतातच.

झायलिंक्स या चिप कंपनीचा (आता एएमडीचा) एफएफटी कोअर, म्हणजे तयार ब्लॉक, 'रिअल टाइम' पद्धतीत लावला, तर डेटा आउटपुटला रेडीची तारच नसते. तिथे 'थांबला' लिहायची सोयच नाही. आत येताना खंड पडला तर फ्रेम बिघडते, कोअर कोणासाठी अडून राहत नाही.

हां, बॅकप्रेशर. 'थोपवणे' लिहा. घेणारा थोपवतो, देणारा थांबतो, आणि मागचा फिफो (डेटा रांगेत ठेवणारी मेमरी) तुंबतो.