विमानाचा नको, विमान ज्याच्यावर पडेल त्याचा विमा काढा

प्रश्न : दहावीची परीक्षा संपल्यावर मुलगा रिमोटवरचं विमान उडवायला शिकतोय. फोमचं ट्रेनर मॉडेल, बॅटरीसकट १.३ किलो, सगळं मिळून १८ हजारांना पडलं. एजंटने वर्षाला ८,४०० रुपयांचं पॅकेज सुचवलंय : विमानाचं नुकसान, तिऱ्हाइताचं नुकसान आणि वैयक्तिक अपघात. नुसतं थर्ड पार्टी २,९०० ला आहे. कोणतं घेऊ? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पॅकेज घेऊ नका. थर्ड पार्टी घ्या, पण आज लगेच नको. त्यात एक मेख आहे.

आधी पॅकेजचं बघू. तुम्ही पाठवलेल्या कागदानुसार प्रत्येक दाव्यातले पहिले ५,००० रुपये तुमचे. शिकताना विमान नाकावर आपटणारच, पण फोमचा पंख एकतर गोंदाने चिकटतो, नाहीतर दोनेक हजारांत नवा येतो. म्हणजे अशा नुकसानीचा दावा त्या ५,००० च्या वर जायचाच नाही. अपघात विमा चांगलाच, पण तो तुमच्या स्वतःच्या नावाने वेगळा घ्या. घर तुमच्या पगारावर चालतं.

थर्ड पार्टीचं तसं नाही. १.३ किलोचं विमान ताशी ५० किलोमीटरने कुणाला लागलं, तर तेवढ्याच वजनाची वस्तू तिसऱ्या मजल्यावरून डोक्यात पडावी तितका मार बसतो, त्यात फिरत्या पंख्याचा (प्रोपेलरचा) मार वेगळाच. शिवाय ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या वरच्या मानवरहित विमानाला तिऱ्हाइताचा विमा बंधनकारक आहे आणि त्याला मोटार वाहन कायद्याच्या विम्याच्या तरतुदी लागू होतात. थोडक्यात, स्कूटरसारखंच.

आता मेख. त्याच कागदाच्या तिसऱ्या पानावर अट आहे की विमान ‘प्रमाणपत्रधारक रिमोट पायलट’नेच उडवलेलं असावं. तुमचा मुलगा सोळाचा. हे प्रमाणपत्र १८ वर्षांआधी मिळतच नाही, आणि २ किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला नियमाने ते लागतही नाही. कायदा सूट देतो आणि पॉलिसी तीच गोष्ट मागते! २,९०० भरून नेमका शिकणाराच बाहेर राहायचा. (अमेरिकेत अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेच्या सभासदाला वर्गणीतच २५ लाख डॉलरपर्यंतचं दायित्व संरक्षण मिळतं. त्या मानाने आपल्याकडे ड्रोन धंद्याच्या पॉलिसीतच हौशी माणसाला बसवतात.)

म्हणून कंपनीला ईमेल करा : पॉलिसी माझ्या नावाने, उडवणारा अल्पवयीन मुलगा, सोबत शिकवणारा, त्याच्या हातात बडी बॉक्सचा (म्हणजे गरज पडताच विमान आपल्या ताब्यात घेता येईल असा जोडलेला) दुसरा रिमोट, हे चालेल असं पॉलिसीत लेखी जोडून द्या. फिक्स्ड विंग, म्हणजे स्थिर पंखांचं, मॉडेल चालतं का, तेही विचारा. फोनवरच्या ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ला अर्थ नाही. मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (बनावटीच्या मंजुरीचा दाखला) लागत नाही, पण नोंदणी क्रमांक काढून ठेवा, आणि मैदान डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात (उडवायला परवानगी लागत नाही अशा भागात) आहे ना ते बघा. दावा अशाच ठिकाणी अडतो.

कंपनी नाहीच म्हणाली तर दुसरी कंपनी बघा. तोवर मुलाला सिम्युलेटरवर बसवा किंवा २५० ग्रॅमच्या आतलं छोटं विमान द्या. त्याला विम्याची सक्ती नाही. पण कुणाला लागलं तर भरपाई तुमच्याच खिशातून, म्हणून मैदान मोकळंच हवं.

आणि विमानाची ती लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपत असाल तर आजपासून बंद, ती पेट घेऊ शकते. आगीचं नुकसान भारत गृह रक्षा या घराच्या विम्याच्या पॉलिसीत येतं. तुमच्या पत्रात घराच्या विम्याचा उल्लेखच दिसला नाही.