जमिनीखालच्या तेलाला मुद्दाम आग लावतात म्हणे?

प्रश्न : आमचे जावई नोकरीनिमित्त मेहसाण्याला असतात, ते सांगत होते की तिकडे तेल काढायला जमिनीखाली आग लावतात. मला काही पटलं नाही. अहो, तेलच पेटवलं तर वर येणार काय, राख?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जावई थापा मारत नाहीयेत. मेहसाण्याजवळ बालोल आणि संथाल इथे ओएनजीसी हेच करते, बालोलला १९९० मध्ये छोटा प्रयोग झाला आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झालं.

भानगड अशी की तिथलं तेल फार घट्ट आहे. थंडीत काकवीची बाटली उपडी करून बघा, तसंच, काही केल्या धार लागत नाही. आता त्याला खालून पाण्याचा जोर असतो खरा पण पाणी पातळ, ते तेलाला ढकलायचं सोडून बाजूने वाट काढून आधी विहिरीत हजर, मग पंपातून नुसतं पाणीच जास्त येतं. साध्या पद्धतीने शंभरातलं १०-१५ टक्केच तेल हाती लागतं, बाकी खाली खडकातच अडकून. तेल तापवून पातळ करायला वरून वाफ सोडायची म्हटलं तर खोली जवळपास १००० मीटर, एवढ्या खाली जाईस्तोवर वाटेतच बरीच उष्णता जाते.

म्हणून मग एका विहिरीतून कॉम्प्रेसरने हवा दाबून सोडतात आणि खालचं तेल पेटवतात. पण पेटतं सगळं नाही हं! उष्णतेने तेलातला हलका भाग पुढे सरकतो, मागे खडकाला चिकटून कोळशासारखा थर राहतो आणि मुख्यतः तोच शेगडीतल्या निखाऱ्यासारखा धुमसत राहतो. तापमान ४००-६०० अंश. थोडं तेल खर्ची पडतं, पण त्या बदल्यात पुढचं तेल तापून पातळ होतं आणि वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे त्याला आजूबाजूच्या विहिरींकडे रेटतात. मला विचाराल तर सौदा वाईट नाही.

आग पसरत गावापर्यंत येईल ही भीती मात्र काढून टाका, खाली हवा आपण देऊ तेवढीच, ती बंद केली की आग आपोआप मरते. खरी धास्ती वेगळीच, कॉम्प्रेसर मध्येच बंद पडला तर खालचं तेल आणि गॅस उलटे हवेच्या विहिरीत शिरतात आणि तिथे हवा असतेच, म्हणजे स्फोटाची पूर्ण तयारी. त्यामुळे अशा वेळी ताबडतोब पाणी किंवा नायट्रोजन सोडून ती विहीर धुवून काढावी लागते. जावयांची ड्युटी त्या कॉम्प्रेसरवर असेल तर रात्री-अपरात्री फोन उचलला नाही म्हणून रागावू नका.