स्वीपला नाव लागलंय आणि 'तो' नाराज आहे?

अगं, रविवार बॉयफ्रेंडला द्यायचा की आपल्या बायकांच्या बाईक ग्रुपच्या राईडला, असं विचारलंस ना, तर सरळ सांगते, एखाद्या राईडला नाही आलीस तर कुणी रुसत नाही, पण एकदा स्वीपला तुझं नाव लागलं की आदल्या रात्री अकराला 'तो नाराज आहे गं' असा मेसेज टाकायचा नाही. स्वीप म्हणजे सगळ्यात मागची गाडी, पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुकं इतकं की लीडला, म्हणजे सगळ्यात पुढच्या गाडीवालीला, मागचं काही दिसत नाही, कुणाची चेन उतरली, पंक्चर झालं तर थांबणारी तूच.

'मीपण येतो सोबत' हे प्रत्येकीचा म्हणतोच. नाही म्हण. अमेरिकेत मोटर मेड्स १९४० पासून बायकांचाच बाईक क्लब चालवतात, आपल्याकडे बायकर्नी हा तसाच ग्रुप २०११ ला सुरू झाला, तेव्हा हे काही आपलंच फॅड नाही म्हणावं. त्याच्याबरोबर वेगळी राईड काढ की, कोण अडवतंय.

फक्त एवढं बघ, तो 'पोचलीस की कळव' म्हणतो की दर दहा मिनिटांनी फोन करून चालत्या गाडीवर उचलायला लावतो? आणि आपल्यातलीच कुणी 'तो की आम्ही' असं सुनवायला लागली (आहेत अशा एकदोघी, नावं नको) तर तिलाही भाव देऊ नकोस. लाईव्ह लोकेशन त्याला पाठव, फोन सायलेंट करून जॅकेटच्या आतल्या खिशात टाक, आणि सकाळीच भांडण झालं असेल तर लीडला सांगून मधल्या नंबरवर चालव, स्वीप दुसरी कुणीतरी करेल.