इंग्रजीत 'टू रीड' कुठे आणि 'रीडिंग' कुठे, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय, की 'आय वाँट टू रीड' बरोबर आणि 'आय एंजॉय टू रीड' चूक, असं का? याद्या पाठ करूनही मुलाखतीत गोंधळ होतो, आणि कंपनीला पाठवलेल्या मेलमधलं 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' चूक का ठरलं, तेही समजत नाही.

मी बरीच वर्षं मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझा अनुभव असा, की यातला सगळ्यात अवघड वाटणारा भाग मराठी माणसाला खरं तर सोपा जायला हवा. कारण तो फरक आपण रोज बोलताना करतोच.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा: 'पाऊस पडायचा थांबला' आणि 'आम्ही चहा प्यायला थांबलो.' पहिल्यात चालू होतं तेच बंद पडलं. दुसऱ्यात काहीतरी करण्यासाठी थांबलो. इंग्रजीत पहिलं 'इट स्टॉप्ड रेनिंग' आणि दुसरं 'वी स्टॉप्ड टू ड्रिंक टी'. इथे 'वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणालात, तर तुम्ही चहा सोडला असा अर्थ होईल!

'रिमेंबर'चंही तसंच. माझ्याकडे परदेशी जाण्याची तयारी करणारी एक नर्स यायची. पेशंटला इंजेक्शन दिलं का, या प्रश्नाला तिने सरावात उत्तर दिलं, 'येस, आय रिमेंबर टू गिव्ह इट.' तिला म्हणायचं होतं, 'दिल्याचं आठवतंय.' पण तिच्या वाक्याचा अर्थ 'मी द्यायची आठवण ठेवते' असा होत होता. वॉर्डात हा फरक किती महत्त्वाचा, ते तिला मी सांगायची गरजच पडली नाही. मराठीत 'दिल्याचं' म्हणजे झालेलं, 'द्यायची' म्हणजे अजून करायचं. झालेल्याला इंगवालं रूप: 'आय रिमेंबर गिव्हिंग इट.' करायचं असलेल्याला टू: 'प्लीज रिमेंबर टू गिव्ह इट.'

'कुलूप लावायला विसरले' हे 'आय फरगॉट टू लॉक', पण 'पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचं कधी विसरणार नाही' हे 'आय विल नेव्हर फरगेट सीइंग'. 'नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप होतो' हे 'आय रिग्रेट लीव्हिंग'. आणि 'ट्राय'साठी तर मराठीत सुंदर जोडी आहे. 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला', म्हणजे जोर लावला, ते 'ट्राइड टू ओपन'. 'उकडतंय ना, मग खिडकी उघडून बघ', म्हणजे उपाय करून बघ, ते 'ट्राय ओपनिंग'. '-ून बघ' सुचलं की इंग लावा.

मराठी फसवते ती 'आवडतं' आणि 'सुचवलं'पाशी. 'मला वाचायला आवडतं' यातला '-ायला' कानात असतो, म्हणून तोंडातून 'एंजॉय टू रीड' निघतं. 'तिने जायला सुचवलं'वरून 'शी सजेस्टेड टू गो' येतं. दोन्ही चूक, 'एंजॉय रीडिंग', 'सजेस्टेड गोइंग' हवं. 'फिनिश', 'अव्हॉइड', 'माइंड', 'पोस्टपोन' यांनाही इंगच लागतं. यांना झालेलं आणि व्हायचं हा हिशेब लागू होत नाही. 'पोस्टपोन' केलेली गोष्ट तर अजून झालेलीच नसते. उलट 'वाँट', 'डिसाइड', 'होप', 'प्रॉमिस', 'रिफ्यूज' यांच्यापुढे टू येतं, आणि इथे मात्र पुढे करायच्या गोष्टीचा अर्थ स्वच्छ दिसतो. इंगवाल्या गटासाठी माझ्याकडे युक्ती नाही. शब्द सुटा पाठ करू नका, स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य बनवा आणि तेच रोज बोला. 'लाइक', 'लव्ह', 'स्टार्ट' यांना बहुतेक वेळा दोन्ही चालतं, त्यावर वेळ घालवू नका.

आता तुमचा मेल. 'इन', 'अबाउट', 'विदाऊट' अशा शब्दांनंतर क्रियापद आलं तर इंग लागतं: 'इंटरेस्टेड इन लर्निंग', 'विदाऊट आस्किंग'. अडचण अशी, की 'टू' हाही कधीकधी याच जातीचा शब्द असतो. तो ओळखायला पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' म्हणता येतं ना? म्हणजे तिथे नामाची जागा आहे, आणि क्रियापदाला तिथे बसायचं तर इंग लावूनच यावं लागेल. 'आय वाँट टू युअर रिप्लाय' म्हणता येत नाही, म्हणून तिथे नुसतं 'रीड'. हीच कसोटी 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'ला लावा: लवकर उठायची सवय आहे. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' वेगळं, ते 'पूर्वी मी लवकर उठायचे'.

तेव्हा पुढच्या मेलची शेवटची ओळ अशी लिहा: 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.'