मॅकिंटॉश एसई/३० दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे का?

घरात ॲपलचा १९८९ चा मॅकिंटॉश एसई/३० संगणक सापडला असून सुरू केल्यावर पडद्यावर नुसत्या पट्ट्या दिसतात, तर ‘एवढ्याशा’ यंत्रावर पैसे घालावेत का, असे आपण विचारले आहे. हा ‘एवढासा’ शब्द मला बोचला, कारण माझे दादाही नेमके हेच म्हणत.

१९९० साली मी अमेरिकेत स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत असताना दादा दिवाळीला माझ्याकडे आले होते. ते दिवसभर इंटेलच्या ३८६ चिपच्या पीसीवर काम करणारे. माझ्या टेबलावरचा नऊ इंची कृष्णधवल पडदा पाहून ‘हे खेळणे इंजिनिअरच्या काय कामाचे?’ असे ते म्हणाले. मी संध्याकाळी एसई या आधीच्या मॉडेलवर एका बहुमजली चौकटीचे गणित लावून ठेवले होते, ते आमचे जेवण उरकले तरी चालूच होते. तेच गणित, सहप्रक्रियकासाठी (आकडेमोडीच्या वेगळ्या चिपसाठी) कंपाइल केलेले, एसई/३० ने दादांचा चहा संपण्याआधी सोडवले. आत ६८०३० हा मुख्य प्रोसेसर आणि ६८८८२ हा सहप्रक्रियक, ही ॲपलच्याच मॅकिंटॉश IIx या संगणकातली जोडी होती आणि मेमरी १२८ एमबीपर्यंत नेता येत असे, हे मी त्यांना समजावले. त्यावर ‘पण पडदा लहानच’ एवढेच त्यांचे उत्तर. पडदा लहान होता हे खरेच, पण गणित पडद्यावर होत नाही आणि मोठा पडदा हवा असेल तर कार्ड बसवण्यासाठी आत स्लॉट होता, हे त्यांनी शेवटपर्यंत मानले नाही.

२०११ मध्ये माझ्याही यंत्रावर अशाच पट्ट्या आल्या आणि आवाज बंद झाला. बोर्ड बाहेर काढला तेव्हा डबीसारख्या छोट्या कपॅसिटरांच्या पायांशी हिरवट थर साचला होता, आणि सोल्डरिंग आयर्न लावताच सडक्या मासळीचा वास सुटला. ते कपॅसिटर बदलून आणि बोर्ड नीट धुऊन यंत्र पुन्हा सुरू झाले. आपलाही दोष बहुधा हाच असेल, म्हणून दुरुस्त कराच, आणि घरात कोणी त्याला खेळणे म्हणत असेल तर त्यांच्यासमोर एखादे मोठे गणित चालवून दाखवा.

मात्र यंत्र बंद असले तरी पिक्चर ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज साठून राहते, त्यामुळे सवय नसेल तर आत हात घालू नये. बोर्डावरची लिथियम बॅटरी फुटून तांब्याच्या रेषाच खाल्ल्या गेल्या असतील, तर मी वर म्हटलेले लागू होणार नाही. ते आधी पाहून घ्यावे.